कबुतरं, कूलर आणि बिथरलेली प्रतिकारशक्ती

काळा_चहा

दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, ती फाडली गेली, २०२५ च्या ऑगस्टमध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं. या गदारोळात 'कबुतरांमुळे फुफ्फुसाचा आजार होतो' हे वाक्य इतक्या वेळा कानावर आदळलं की त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारायचंच सगळे विसरले. एकीकडे 'एक पीस नाकात गेलं की माणूस संपला' असले व्हॉट्सअ‍ॅप संदेश. दुसरीकडे 'आमच्या आजोबांनी जन्मभर दाणे टाकले, त्यांना कुठे काय झालं?' मला दोन्हींचा सारखाच वैताग येतो, कारण हा आजार आमच्या घरात आहे. सासूबाईंना. म्हणून हा धागा. कबुतरखाना ठेवावा की पाडावा यावर दुसरे धागे ओसंडून वाहताहेत, ते तिकडेच राहू द्या.

आजाराचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. डॉक्टर लोक एचपी म्हणतात, मीही तेच लिहिते.

सासूबाईंचं सुरू झालं ते कोरड्या खोकल्याने. वयाचा, प्रदूषणाचा, हवामान बदलाचा, असा तो खोकला सगळ्यांच्या नावावर लावून झाला. मग दम्याचे पंप झाले. पंपाने फरक पडेना, वजन उतरायला लागलं, एक्स-रेत डाग दिसले. तेव्हा एका डॉक्टरांनी थुंकीत काही सापडलेलं नसताना क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या. त्यांचं नाव लिहिणार नाही, पण राग आहे. जिना चढताना त्या मधल्या चौकात थांबायच्या आणि थांबण्याचं कारण म्हणून शेजारणीशी गप्पा काढायच्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पुढे एका छातीच्या डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावून दोन्ही बाजूंनी, अगदी खालपर्यंत, सावकाश ऐकलं. मग रिपोर्टची फाईल न उघडताच विचारलं, "घराच्या आसपास कबुतरं आहेत का? आणि घाण कोण साफ करतं?"

आमच्या न्हाणीघराची खिडकी डक्टमध्ये उघडते. तिथे एसीच्या बाहेरच्या युनिटवर कबुतरांची पिढीजात घरटी आहेत. काड्या, तारेचे तुकडे, कुणाच्या तरी कपड्याचा चिमटा, आणि या सगळ्याला सिमेंटसारखं धरून ठेवणारी वाळलेली विष्ठा. सासूबाई रोज सकाळी गॅलरी आणि ती खिडकी खराट्याने झाडायच्या. कोरडीच. उन्हाच्या तिरिपेत जी पांढुरकी भुकटी तरंगताना दिसायची, ती त्यांच्या छातीत जात होती.

आता मला समजलेलं सांगते. चुकलं तर इथले जाणकार कान पकडतीलच.

हा जंतुसंसर्ग नाही. सासूबाईंचा आजार आम्हाला लागणार नाही आणि अँटिबायोटिकने जाणार नाही. कबुतरांच्या विष्ठेत, पिसांवरच्या मेणचट भुकटीत आणि आतड्यातल्या श्लेष्म्यात काही प्रथिनं असतात. त्यांचे कण इतके बारीक की नाकाच्या केसांत न अडकता थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. बहुतेकांचं शरीर तिकडे काणाडोळा करतं. काही जणांची प्रतिकारयंत्रणा मात्र त्या प्रथिनांना शत्रू ठरवते. आयजीजी नावाची प्रतिपिंडं तयार होतात, टी-पेशी जमा होतात, वायुकोशांच्या भिंती सुजतात, त्यात पेशींचे छोटे पुंजके म्हणजे ग्रॅन्युलोमा बनतात. कबुतरं रोज, त्यामुळे लढाई रोज. वर्षानुवर्षं हे चाललं की सूज भरताना वण राहतात, आणि वण आलेलं फुफ्फुस नीट फुगत नाही.

यातली सगळ्यात उफराटी गोष्ट म्हणजे सासूबाईंची प्रतिकारशक्ती कमी नव्हती. नको तिथे ती जास्तच उत्साहाने काम करत होती. आणि त्या सगळ्या काळात आम्ही नातेवाइकांच्या आग्रहाखातर त्यांना 'इम्युनिटी वाढवणारं' काय काय पाजत होतो!

वाचताना एक भारतीय अभ्यास सापडला. जयपूरच्या डॉ. शीतू सिंह आणि सहकाऱ्यांनी देशातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांमधून फुफ्फुसातल्या वायुकोशांभोवतीच्या पेशीजालाच्या आजारांच्या म्हणजे आयएलडीच्या १०८४ रुग्णांची नोंद केली. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पाश्चात्त्य देशांत अशा नोंदींमध्ये कारण न सापडणारा फायब्रोसिस, म्हणजे फुफ्फुसात वण येणं, पुढे असतो. आपल्याकडे ४७.३ टक्के रुग्णांना एचपी निघाला. आणि त्या एचपीवाल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या, ४८.१ टक्के लोकांच्या, घरात संशयित म्हणून कोण होतं? कबुतर नव्हे, कूलर! पक्षी आणि बुरशी त्याच्या मागून.

हे वाचल्यापासून मला वाटतंय की कबुतरांवरच्या आरडाओरड्यात दुसरा आरोपी आरामात निसटलाय. कुणाला अनुभव, माहिती असेल तर लिहा.

टिंबटिंब

वाचतोय. सासूबाईंना आता कसं आहे?

काळा_चहा

बऱ्या आहेत. पूर्वीसारख्या नाहीत. ऑक्सिजन लागत नाही, एवढं आमच्यासाठी पुष्कळ आहे.

गुळवेल_प्रेमी

माहिती चांगली आहे, पण प्रतिकारशक्तीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं पटलं नाही. शरीर सशक्त असेल तर बाहेरचं काही बाधत नाही, हे आपले पूर्वज सांगून गेलेत. गुळवेलीचा काढा, सितोपलादि, रोज अर्धा तास प्राणायाम. माझ्या मेव्हण्यांचा जुनाट खोकला यानेच गेला. अ‍ॅलोपॅथीवाले स्टेरॉइड देऊन मोकळे होतात.

छातीठोक

गेली बरीच वर्षं छातीच्या आजारांचाच दवाखाना करतो, म्हणून दोन शब्द. दोन म्हणता म्हणता जास्त होतील.

गुळवेल_प्रेमी, मेव्हण्यांचा खोकला गेला हे छानच. पण खोकला नावाचा आजार नसतो. त्यांना एचपी होता का हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. गुळवेलीबद्दल म्हणाल तर २०२१ मध्ये मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेल्या या लोकांना यकृताची सूज आली होती, आणि त्यातल्या काहींमध्ये स्वप्रतिकारक आजाराची लक्षणं दिसत होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख नीट पटवली नव्हती वगैरे. तो वाद आहेच. पण ज्याची यंत्रणा आधीच बिथरलेली आहे त्याला 'बूस्टर' कशासाठी द्यायचा, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. प्राणायाम जरूर करा. खिडकीत घरटं ठेवून करू नका, खोल श्वासाबरोबर भुकटीही खोल जाते.

काळा_चहा, तुम्ही लिहिलेली प्रक्रिया बरोबर आहे. एक भर घालतो. शिंका, दमा, गांधी उठणं यात आयजीई नावाची प्रतिपिंडं असतात. एचपीत त्यांचा हात नसतो. त्यामुळे हातावर टोचून करतात ती अ‍ॅलर्जी टेस्ट इथे कुचकामी. तरी लोक हजारो रुपये घालवून भलीमोठी यादी घेऊन येतात, 'डॉक्टर, मला वांगं आणि शेंगदाणा निघालाय'.

लक्षणांचे दोन चेहरे असतात. एक तडकाफडकी: संपर्कानंतर साधारण चार ते आठ तासांनी ताप, अंग मोडून येणं, खोकला, धाप. दुसऱ्या दिवशी ओसरतं, म्हणून सगळे 'व्हायरल' म्हणतात. माळा साफ केला, रात्री ताप आला, ही गोष्ट नीट ऐकली तर निदान तिथेच अर्धं होतं. दुसरा चेहरा संथ, सासूबाईंसारखा. त्यात ताप नसतो, धाप गुपचूप वाढत जाते. पाठीला कान लावला की वेल्क्रोची पट्टी ओढल्यासारखा आवाज येतो, आणि एचपीत कधी कधी श्वास आत घेताना मध्येच बारीक 'चूं' वाजतं. मला हा आवाज फार महत्त्वाचा वाटतो. तो ऐकायला फक्त वेळ लागतो, आणि तोच आमच्याकडे कमी असतो.

पूर्वी तीव्र, मध्यम, जुनाट असे प्रकार करायचो. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी ते मोडीत काढून एकच प्रश्न ठेवला: वण आलेत की नाहीत? त्यावरच पुढचं सगळं ठरतं. वण नसतील तर फुफ्फुस बरंचसं परत मिळतं. असतील तर आहे ते टिकवायचं.

आता तुमच्या कूलरबद्दल. इथे जरा ब्रेक लावतो. ती नोंदवही महत्त्वाची आहे, पण ती नोंदवही आहे. रुग्णांना प्रश्नावली दिली, त्यांनी कूलर आहे म्हणून सांगितलं. उत्तर भारतात कूलर कुणाकडे नसतो? आजारी नसलेल्या शेजाऱ्यांकडे किती कूलर आहेत, याची तुलना त्यात नव्हती. शिवाय चंडीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयाने २०१८ मध्ये आपले आयएलडीचे ८०३ रुग्ण प्रसिद्ध केले. तिथे सारकॉइडोसिस, हा ग्रॅन्युलोमा बनवणारा दुसरा आजार, ४२ टक्क्यांवर आणि एचपी जेमतेम ११ टक्के. एकाच देशात एका अभ्यासात ४७ आणि दुसऱ्यात ११! काही फरक कुठले रुग्ण कुठल्या दवाखान्यात पोचतात याचा, काही निदानाच्या व्याख्येचा. म्हणजे कूलर निर्दोष आहे असं नाही. संशय रास्त आहे, गुन्हा अजून शाबीत व्हायचाय.

वऱ्हाडी_ठसका

कूलरचं नाव निघालं म्हणजे आमच्या अकोल्यावरच आलं की बाप्पा.

आमच्याकडे मार्च लागला की कूलर माळ्यावरून खाली येतो. गेल्या सालच्या वाळ्याच्या ताट्या चांगल्या दिसल्या तर कोण बदलवतो? झटकायच्या, चालतात अजून म्हणायचं, बसवायच्या. खालच्या टाकीत हिरवी-काळी पापडी धरलेली असते. ती ब्रशने घासायची, नाही घासली तरी पाणी ओतलं की दिसत नाही. पहिल्या दिवशी तो ओला वास सुटतो ना, त्यासाठी आमची पोरं कूलरसमोर तोंड धरून बसतात. आता तुम्ही म्हणता तो वास म्हणजे बुरशी.

४५ अंशात कूलर बंद करा म्हणू नका फक्त. एसीचं बिल तुम्ही भराल का?

साखरपट्टा

बुरशी आणि कामगार हा विषय साखर कारखान्यात मी जवळून पाहिलाय, म्हणून लिहितो. गाळप झाल्यावर उरतं ते चिपाड, कारखान्यात त्याला बगॅसच म्हणतात. ताजं असताना त्रास नसतो. हंगाम संपल्यावर कागदासाठी किंवा सहवीज प्रकल्पासाठी त्याचे डोंगर रचून ठेवतात. आत ओल राहते, ढीग आतून तापतो, वाफा निघतात. महिन्यांनी तो जेसीबीने उकरला की करडी धूळ उठते. त्या धुळीचा आजार म्हणजे बगॅसोसिस, हा एचपीचाच भाऊ. १९४१ मध्ये अमेरिकेत लुइझियानातल्या डॉक्टरांनी तो नोंदवला. आपल्याकडे १९६३ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या डॉ. आर. विश्वनाथन आणि सहकाऱ्यांनी त्यावर निबंध लिहिलाय. त्यामागचा जीव म्हणजे उष्णतेत वाढणारे, बुरशीसारखे दिसणारे जिवाणू, अ‍ॅक्टिनोमायसिटीस. उसातल्या जातीच्या नावातच 'सॅकॅरी' आहे.

यातलं मला आवडलेलं म्हणजे लुइझियानातल्या एका कागद कारखान्यात चिपाड साठवण्याची आणि हाताळण्याची पद्धत बदलली, तर कामगारांमधला हा आजार नाहीसा झाला. तसं १९७८ मध्ये छापून आलंय. औषध एकही नवं नाही. आमच्याकडे उकरणाऱ्या पोराच्या तोंडाला अजून रुमाल असतो, आणि धाप लागली की ठेकेदार म्हणतो, तंबाखू सोड.

उत्तरध्रुव

ग्लासगोहून. इथे शर्यतीची कबुतरं पाळणं हा गिरणी-गोदीतल्या कामगारांचा जुना शौक. घरामागे लाकडी खुराडं, त्यात शंभर शंभर पक्षी. त्यामुळे 'पिजन फॅन्सिअर्स लंग' वर या शहरात कित्येक वर्षं संशोधन झालंय, आणि शौकीन लोक स्वतःहून रक्त द्यायला उभे राहिलेत. आजाराचं मूळ वर्णन मात्र अमेरिकेतलं, विस्कॉन्सिनमधल्या रीड आणि सहकाऱ्यांचं, १९६५ चं.

इथल्या अभ्यासातली गंमत अशी की कबुतरांविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात असलेले पुष्कळ पाळणारे ठणठणीत असतात. प्रतिपिंड म्हणजे तुमची आणि कबुतराची ओळख झाली, एवढंच. म्हणून त्या आजोबांना काही झालं नाही हे खरं असू शकतं, आणि त्यांच्या सुनेला झालं हेही. कुणाला होतो यात जनुकांचा हात आहे. एमयूसी५बी नावाच्या जनुकाजवळचा एक बदल वण येणाऱ्या एचपीत जास्त सापडतो.

आणि एक इथलं खास. पिसांच्या उश्या आणि दुलया. घरात पक्षी नाही, खिडकीत पक्षी नाही, आणि माणूस रोज रात्री आठ तास हजार पिसांत तोंड खुपसून झोपतो. डॉक्टरांना ते विचारायचं सुचेपर्यंत वर्षं जातात. परदेशातून मुलांनी पाठवलेली 'डाऊन' ची महागडी रजई तिकडे कुणाकडे असेल तर लेबल बघा.

टिंबटिंब

हे कुठेतरी वाचलं होतं की सिगारेट ओढणाऱ्यांना हा आजार कमी होतो. @छातीठोक खरं का? विचारतोय आपलं सहज.

छातीठोक

सहज विचारणाऱ्याच्या खिशात पाकीट आहे हे ओळखलं.

हो, खरं आहे. धूम्रपान करणाऱ्यांत एचपी कमी आढळतो. धुराने वायुकोशांतली प्रतिकारयंत्रणा दबते, म्हणून असावं. पण त्यांना झाला तर तो जास्त चिवट असतो. आणि एचपीपासून वाचून कॅन्सर आणि सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होत जाण्याच्या आजाराच्या) रांगेत उभं राहायचं असेल तर तुमची मर्जी. तुमच्याच प्रश्नात एचपीचं सगळं रहस्य आहे बघा: यंत्रणा दबली तर आजार कमी. 'इम्युनिटी वाढवा' वाल्यांनी यावर दोन मिनिटं विचार करावा.

साखरपट्टा, फार मोलाचं लिहिलंत. या आजाराचा इतिहासच धुळीत काम करणाऱ्यांचा आहे. इटलीच्या रामाझिनी यांनी १७१३ मध्ये धान्य चाळणाऱ्या-मोजणाऱ्या मजुरांचा खोकला नोंदवला. १९३२ मध्ये इंग्लंडच्या कॅम्पबेल यांनी बुरसलेलं गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांची धाप नोंदवली. गवत आतून तापतं तेव्हा वाढणारे अ‍ॅक्टिनोमायसिटीस त्यामागे आहेत, हे दाखवायला १९६३ उजाडलं. ते काम लंडनच्या जॅक पेपिस यांचं. शहरातल्या फ्लॅटमधल्या बाईपर्यंत हा आजार पोचला तो त्यानंतर.

पारिजातक

आमच्या मजल्यावरच्या काकू रोज पहाटे गच्चीत अर्धा किलो ज्वारी टाकतात. सांगून पाहिलं. "मुक्या जीवाचा शाप कशाला घेऊ?" म्हणतात. त्यांचा मुलगा वारल्यानंतर हे सुरू झालं, त्यामुळे कुणाला पुढे बोलवत नाही. सोसायटीच्या सभेत दोघे जण त्यांच्यावर वाईट ओरडले, ते मला मुळीच आवडलं नाही. कबुतरं खाणं न टाकता जगणार नाहीत का?

उत्तरध्रुव

जगतील, फक्त संख्या आवरेल. पारवा मूळचा कड्याकपारीतला पक्षी. आपल्या इमारतींचे डक्ट आणि एसीचे कट्टे त्याला कडेच वाटतात. वर आयतं धान्य मिळालं तर वर्षभर अंडी घालत राहतो. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' च्या २०२३ च्या अहवालात बहुसंख्य पक्षी घटताना दिसतात. जे मोजके वाढताहेत त्यात मोर आणि कोकिळेबरोबर हा आहे. चिमण्यांसाठी ताटलीत पाणी ठेवणं आणि गोणीने ज्वारी ओतणं, दोन्हीला भूतदयाच म्हणतात, परिणाम वेगळे.

दगडी_चाळ_नव्हे

भूतदया बिया काही नाही, एका विशिष्ट समाजाला खूश ठेवायला हे सगळं

व्यवस्थापक

वरचा प्रतिसाद अर्धा उडवला आहे. धागाकर्तीने सुरुवातीलाच विनंती केलेली आहे. विषय फुफ्फुसाचा आहे.

काळा_चहा

धन्यवाद व्यवस्थापक.

पारिजातक, काकूंना ओरडून काही होणार नाही. आमच्याकडे सासूबाईच दाणे टाकायच्या. आजाराचं कारण कळल्यावर त्यांना सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं असेल तर पक्ष्यांना हाकलावं लागण्याचं. काकूंना खोकला आहे का, जिना चढताना थांबतात का, एवढं आधी बघा. ओरडणाऱ्या दोघांपेक्षा धोका काकूंना जास्त आहे. दाणे टाकणाराच भुकटीच्या सगळ्यात जवळ असतो.

छातीठोक, दोन प्रश्न. औषध कितपत उपयोगी? आणि घर बदलावंच लागतं का? आम्ही जाळ्या लावल्या, पण डॉक्टरांचं समाधान झालेलं दिसत नाही.

छातीठोक

औषधाबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर आमच्याकडे पुरावा थोडा आणि सवय जास्त. स्टेरॉइडने सूज उतरते, रुग्णाला आठवड्यात बरं वाटतं, म्हणून आम्ही देतो. फिनलंडमध्ये शेतकऱ्यांच्या एचपीवर एक चाचणी झाली, १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना आठ आठवडे प्रेडनिसोलोन, अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. महिन्याभरात स्टेरॉइडवाल्यांचं फुफ्फुस जास्त सुधारलं. पाच वर्षांनी तपासलं तर दोन्ही गट सारखे. ही वण न आलेल्या, ताज्या आजाराची गोष्ट. जुनाट आजारात प्रतिकारशक्ती दाबणारी मायकोफेनोलेट, अझाथायोप्रिन देतो, स्टेरॉइडचा डोस त्यामुळे कमी ठेवता येतो.

वण वाढतच असतील तर निंटेडॅनिब. २०१९ च्या मोठ्या चाचणीत ६६३ रुग्ण होते, साधारण चौथा हिस्सा एचपीचा. गोळी घेणाऱ्यांची फुफ्फुसाची क्षमता वर्षाला ८१ मिलिलिटरने घटली, न घेणाऱ्यांची १८८ ने. म्हणजे घसरण मंदावते, थांबत नाही, उलटत तर नाहीच. जुलाब हा ठरलेला त्रास. आपल्याकडे जेनेरिक मिळतं हे नशीब.

पण या सगळ्याच्या आधी कारण. डेन्व्हरच्या एका रुग्णालयाने २०१३ मध्ये जुनाट एचपीचे १४२ रुग्ण अभ्यासले. निम्म्याहून जास्त लोकांत, खोदून खोदून विचारूनही, कारण सापडलं नाही. आणि ज्यांचं सापडलं ते लक्षणीयरीत्या जास्त जगले. इतक्या साध्या प्रश्नाला एवढं वजन असलेली दुसरी जागा माझ्या शाखेत मला माहीत नाही. म्हणून मी आता रुग्णाच्या मुलाला घराचा व्हिडिओ काढून आणायला सांगतो. गॅलरी, डक्ट, कूलरची टाकी, गादीखालची ओल, न्हाणीघराचं छत. फाईलमधल्या एचआरसीटीइतकाच, म्हणजे छातीच्या बारकाईच्या सीटी स्कॅनइतकाच, तो व्हिडिओ बघतो.

घर बदलणं. जाळीने पक्षी थांबतो, प्रथिनं थांबत नाहीत. पाळलेले पक्षी घरातून काढल्यावरही ही प्रथिनं कित्येक महिने, एका अभ्यासात दीड वर्षापर्यंत, घरातल्या धुळीत सापडली. त्यामुळे जाळीनंतर एकदा कसून सफाई हवी, आणि ती रुग्णाने करायची नाही, त्या वेळी घरात थांबायचंही नाही. विष्ठेवर आधी पाणी मारायचं, पूर्ण भिजू द्यायची, मग खरवडून पिशवीत बांधायची. खराटा नको, झाडू नको. करणाऱ्याने एन-९५ लावायचा. पडदे, गाद्या, एसीच्या जाळ्या विसरू नका. एवढं करून फुफ्फुसाची चाचणी, विशेषतः वायू रक्तात शिरण्याची क्षमता मोजणारी डीएलसीओ, घसरतच राहिली तर घर बदलायचं बोलावं. दर वेळी लागत नाही. काही जणांना मी गावी महिनाभर राहून यायला सांगतो. तिथे धाप कमी होते का हे त्यांनाच कळतं. गावी धान्याचं कोठार किंवा कोंबड्यांचं खुराडं नसेल तर!

गुळवेल_प्रेमी

माझ्या मेव्हण्यांना विचारलं. त्यांनी त्याच सुमारास कोंबड्या विकल्या होत्या.

टिंबटिंब

😂😂 धागा वसूल.

छातीठोक

@गुळवेल_प्रेमी, मनापासून सांगतो, असं विचारून इथे येऊन लिहिणारे कमी असतात. त्यांची एकदा फुफ्फुसाची चाचणी करून घ्या, काढा बंद करा असं म्हणत नाही. आणि कोंबड्या परत घेऊ नका म्हणावं.

पारिजातक

काकूंना दम लागतो का ते विचारलं. "वय झालं गं," म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन जातेय. डॉक्टरांना नक्की काय सांगू?

छातीठोक

रोज दाणे टाकतात, किती वर्षांपासून, गच्ची कोण झाडतं, या तीन गोष्टी आधी सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. बोटात लावून ऑक्सिजन बघतात तो बसून नको, सहा मिनिटं चालवून बघायला सांगा. बसून ९६ असणारा माणूस चालल्यावर ८६ वर आलेला मी पाहिलाय. दम्याचा पंप लिहून दिला आणि महिन्यात फरक पडला नाही तर एचआरसीटीचा विषय तुम्हीच काढा. आणि थुंकीच्या तपासणीशिवाय कुणी क्षयाचं औषध सुरू करत असेल तर नम्रपणे 'का?' विचारा.

वऱ्हाडी_ठसका

माझा प्रश्न राहिलाच की. कूलर बंद न करता काय करावं?

छातीठोक

राहिला खरा. शाबीत गुन्हा नसला तरी सावधगिरी स्वस्त आहे. ताट्या दर हंगामाला नव्या, गेल्या सालच्या जाळून टाका. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा आणि उन्हात कोरडी होऊ द्या, डासांसाठीही तेच बरं. रात्री झोपण्याआधी पंप बंद करून नुसता पंखा थोडा वेळ चालू ठेवा म्हणजे ताटी ओली राहून कुजत नाही. माळ्यावर ठेवताना कोरडा करून ठेवा. आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी तो अंगणात, खिडकीपासून लांब, तासभर चालवा. पोरांना त्या वेळी समोर बसू देऊ नका.

वऱ्हाडी_ठसका

नव्या कूलरला वाळ्याऐवजी ते मधाच्या पोळ्यासारखे पॅड येतात, ते बरे का?

छातीठोक

धुवायला सोपे, म्हणून बरे. धुतले तर.